अल्वा: शेवाळ एक, नावे दोन

ओहोटीच्या वेळी अमिरातीच्या किनाऱ्यावर दगडांना चिकटलेले पोपटी, निसरडे शेवाळ दिसते. तसेच आपल्या मालवण-रत्नागिरीकडेही. ही अल्वा प्रजाती.

लिनियसने १७५३ साली पसरट आणि नळीसारख्या, दोन्ही जाती अल्वातच ठेवल्या होत्या. १८२० मध्ये लिंक यांनी नळीदार जातींची वेगळी प्रजाती केली: एंटेरोमॉर्फा, म्हणजे आतड्याच्या आकाराची. पसरट पातीत पेशींचे दोन थर, नळीच्या भिंतीत एकच. त्यामुळे फरक पक्का वाटला.

२००३ मध्ये डीएनएच्या तुलनेत मात्र दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले निघाले. आधीचे नाव ग्राह्य, या नियमाने सगळ्या पुन्हा अल्वा झाल्या. म्हणून जुन्या नोंदी चाळताना दोन्ही नावे शोधा. नाहीतर निम्मे शेवाळ हातून निसटेल!