चाचणी कोणत्या यंत्राची?

सी भाषेतील प्रोग्राम कंपायलर यंत्रभाषेत उतरवतो. इंटेल प्रोसेसरची यंत्रभाषा वेगळी, मोबाईलमधील एआरएमची वेगळी. इंटेल संगणकावर बसूनही एआरएमसाठी प्रोग्राम तयार करता येतो. म्हणून स्वयंचलित चाचणीच्या अहवालात लक्ष्य-यंत्राचे नाव समोरचा संगणक पाहून नव्हे, तर कंपायलरला विचारून लिहावे. जीसीसी कंपायलरला 'डंपमशीन' हा पर्याय दिला की तो ते नाव सांगतो.

याचे महत्त्व काय? लिनक्सवर जीसीसी वापरताना 'कॅर' प्रकारच्या चलात -१ ठेवला, तर इंटेलवर तो -१ राहतो, एआरएमवर २५५ होतो. अहवालात नाव चुकले, तर दुरुस्ती करणारा इंटेलवर तपासतो आणि त्याला दोष सापडतच नाही.

प्रयोगवहीत निष्कर्षाआधी उपकरणाचे नाव लिहा, असा आग्रह आम्ही याचसाठी धरतो.