रॅम वाढवायची? आधी जरा मोजा!

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की पहिल्याच वर्षी घरचे आपल्याला एक पदवी बहाल करून टाकतात – ‘कॉम्प्युटरमधला माणूस’. मग तुमची ब्रँच सिव्हिल असो नाहीतर मेकॅनिकल! सुट्टीत घरी गेलं की फर्मान निघतंच, “अरे, तो कॉम्प्युटर फार हळू चालतोय, जरा बघ ना.” आपणही दोन-चार क्लिक करतो आणि निदान सांगून मोकळे होतो, “रॅम कमी आहे, वाढवावी लागेल.” हे निदान पुष्कळदा बरोबर निघतं, पण पुष्कळदा साफ चुकतं. आणि खर्च तर दोन्ही वेळा होतो. त्यात २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमच्या किमती भराभर वाढल्या, कारण मोठ्या कंपन्यांनी आपलं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळवलं. म्हणून बाजारात जाण्याआधी थोडा अभ्यास केलेला बरा.

रॅम नेमकं काय करते?

आपण अभ्यासाला बसतो तेव्हा लागणारी पुस्तकं टेबलावर असतात आणि बाकीची कपाटात. टेबल म्हणजे रॅम, कपाट म्हणजे हार्ड डिस्क. टेबल भरलं की एक पुस्तक कपाटात ठेवून दुसरं आणावं लागतं. ऑपरेटिंग सिस्टीमही हेच करते. रॅम भरली की सध्या न लागणारी माहिती ती डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकते आणि लागेल तेव्हा परत आणते.

या ये-जा करण्याला किती वेळ लागतो ते बघा. रॅममधून माहिती मिळायला ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कला लागतात सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट! रॅमचं काम एका सेकंदात होतं असं धरलं, तर हार्ड डिस्कला त्याच हिशोबाने जवळजवळ २८ तास लागतील. एसएसडीला साधारण १०० मायक्रोसेकंद धरले तर १७ मिनिटं. रॅम कमी पडली की मशीन गोगलगाय का होतं, ते या आकड्यांवरून लक्षात येईल.

निदान आधी, औषध नंतर

नेहमी जे जे उघडता ते सगळं एकदम उघडा – ब्राउझरच्या डझनभर टॅब, ऑफिस, ऑटोकॅड, जे असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. तिथे तीन आकडे बघायचे : प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क.

१. मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास अडकलेली आणि डिस्कही सतत १०० टक्के – रॅम खरंच कमी आहे. वाढवा.

२. मेमरी ५०-६० टक्के, पण डिस्क १०० टक्के – दोष हार्ड डिस्कचा आहे. इथे कितीही रॅम घातली तरी फरक पडणार नाही. एसएसडी घ्या.

३. मेमरी आणि डिस्क दोन्ही निवांत, प्रोसेसर १०० टक्के – आधी कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर खातोय ते शोधा. व्हायरस असेल, नाहीतर प्रोसेसरच जुना झाला असेल.

लिनक्सवाल्यांनी ‘फ्री’ ही कमांड चालवावी. तिथे ‘फ्री’ नावाचा रकाना बघून घाबरू नका. रिकामी रॅम लिनक्स कॅशसाठी वापरून घेतं आणि गरज पडली की सोडतं. ‘अव्हेलेबल’ हा रकाना खरा.

आणखी एक गोष्ट तपासा. मशीनवर ३२ बिटचं विंडोज आहे का? ३२ बिटमध्ये पत्ते होतात २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट, बरोबर ४ जीबी. त्यातले काही पत्ते ग्राफिक्स कार्ड वगैरेंसाठी राखीव जातात, म्हणून ४ जीबी लावूनही तीन-सव्वातीनच वापरात दिसते. अशा मशीनमध्ये ८ जीबी घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! आधी ६४ बिटची सिस्टीम टाका.

कोणती रॅम घ्यायची?

रॅम दुकानदार नाही, मदरबोर्ड ठरवतो. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर बोर्डाचं मॉडेल आणि लावलेल्या रॅमचा प्रकार दाखवतं. डीडीआर-३ ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर-४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट, डीडीआर-५ लाही २८८ पिना पण १.१ व्होल्ट. प्रत्येकाची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका. तो स्लॉट तिच्यासाठी नाहीच!

सीपीयू-झेडमध्ये वेग निम्मा दिसतो, त्यानेही गडबडू नका. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. क्लॉकच्या चढत्या आणि उतरत्या दोन्ही कडांवर माहिती जाते. म्हणून १३३३ ची रॅम ६६६ मेगाहर्ट्झ दाखवते. तुमची फसवणूक झालेली नाही.

उदाहरण म्हणून आपल्याकडे घराघरांत दिसणारा इंटेलचा एच-६१ चिपसेट घेऊ. हा २०११ साली आला. यावर डीडीआर-३ चालते, बहुतेक बोर्डांवर दोनच स्लॉट असतात आणि जास्तीत जास्त १६ जीबी बसते. सोबत दुसऱ्या पिढीचा कोअर प्रोसेसर असेल तर १६०० ची रॅम लावली तरी ती १३३३ नेच चालेल. तेव्हा वेगासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर गावातल्या दुकानात, दोन गोष्टींपासून सावध राहा. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम स्वस्त मिळते आणि स्लॉटमध्ये बसतेही, पण घरगुती बोर्डावर चालत नाही. तसंच ‘फक्त एएमडी’ असं लिहिलेली स्वस्त डीडीआर-३ इंटेलच्या बोर्डावर चालत नाही. जुनी पट्टी सोबत न्या, दुकानातच शक्य असेल तर लावून बघा आणि सीरियल नंबर लिहिलेलं बिल घ्या.

एक पट्टी की दोन?

मेसमध्ये एकच वाढपी असला की रांग लागते, दोन असले की निम्म्या वेळात काम होतं. ड्युअल चॅनेल हेच करतं. डीडीआर-३ १३३३ चं एक चॅनेल ६४ बिटचं, म्हणजे एका वेळी ८ बाइट. १३३३ गुणिले ८ म्हणजे सेकंदाला सुमारे १०.६ जीबी. दोन चॅनेलचे झाले २१.३ जीबी. हा कागदावरचा कमाल आकडा आहे, प्रत्यक्षात कामं दुप्पट वेगाने होत नाहीत. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर फरक चांगला जाणवतो, कारण तेव्हा स्क्रीनचं कामही याच रॅममधून चालतं. म्हणून ४ जीबीची एक पट्टी असेल तर तशीच दुसरी ४ ची घेणं सर्वांत सोपं.

बसवताना

मशीन बंद करा आणि पिन सॉकेटमधून काढा. मग पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा. पट्टी कडेने धरा, सोनेरी पिनांना बोट लावू नका. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, क्लिपचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे.

मशीन सुरू केल्यावर नुसते बीप वाजले तर घाबरू नका. बहुतेक वेळा पट्टी नीट बसलेली नसते. काढून पिना मऊ खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कचरा झटका आणि परत बसवा. चालू झालं की काम संपलं असं समजू नका. मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवा. त्यात एकही एरर आली तर पट्टी दुकानात परत द्या. खराब रॅम दर वेळी मशीन बंद पाडतेच असं नाही, कधी कधी फाइली हळूच बिघडवते. प्रोजेक्ट रिपोर्ट सबमिशनच्या आदल्या रात्री उघडला नाही की मग कळतं!

शेवटचा हिशोब

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम पुरते, पण टीपीएम २.० आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे एच-६१ च्या मशीनमध्ये १६ जीबी घातली तरी ते अधिकृतपणे विंडोज ११ साठी पात्र होत नाही. अशा मशीनला ८ जीबी, एक छोटी एसएसडी आणि लिनक्स एवढं दिलं की ब्राउझिंग, टायपिंग, सी आणि पायथनचे प्रॅक्टिकल आरामात होतात. धाकट्या भावंडांचा अभ्यासही त्यावर भागतो. त्याहून जास्त पैसे त्यात घालू नका, ते नव्या मशीनसाठी साठवा.

थोडक्यात काय, मापन, तुलना आणि मग निर्णय, हा प्रॅक्टिकलचा क्रम आपण जर्नलमध्ये दर आठवड्याला लिहितो. घरच्या कॉम्प्युटरवर तो एकदा खरोखर वापरून बघा. पाच मिनिटांच्या मापनाने कदाचित काही हजार रुपये वाचतील.