स्पॅनिशमधील आज्ञार्थ : सलगीचा आणि आदराचा

परकी भाषा शिकताना आज्ञार्थाचा पाठ आम्हांस प्रथम अगदी सोपा वाटला. पण समोरच्या माणसाचा नकळत अवमान होण्याचा संभवही याच पाठात अधिक असतो.

स्पॅनिशमध्ये ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. धाकट्या भावाला आम्ही मराठीत ‘बोल’ म्हणतो, गुरुजींना ‘बोला’. त्या सवयीने ‘आब्ला’ हे रूप आम्हांस आदराचे भासले. पण ते तर ‘तू बोल’ असे निघाले! आदराचे रूप ‘आब्ले’.

नियमित क्रियापदांची तेथे तीन कुळे आहेत : ‘आर’, ‘एर’ आणि ‘ईर’ या अंत्यांची. सलगीने एकास सांगताना अंत्य ‘र’ गळतो : आब्ला (बोल), कोमे (खा). ‘ईर’ कुळात ‘ई’चाही ‘ए’ होतो. ‘एस्क्रिबीर’ म्हणजे लिहिणे, त्याचे ‘एस्क्रिबे’. आदर दाखवायचा तर स्वरांची अदलाबदल करावी. ‘आर’ कुळाने ‘ए’ घ्यावा, इतर दोघांनी ‘आ’ : आब्ले, कोमा, एस्क्रिबा. अनेकांस आदराने सांगताना यांनाच ‘न’ जोडतात : आब्लेन, कोमान, एस्क्रिबान. तेव्हा शेवटच्या स्वरावर विसंबू नये. आधी क्रियापदाचे कूळ आठवावे.

ही अदलाबदल का? आदरवाचक ‘उस्तेद’ हे सर्वनाम ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या संबोधनापासून झाले. त्यामुळे त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी असते, आणि त्याला खरी आज्ञा करीतच नाहीत; आपल्या ‘बोलावे’ या विध्यर्थासारखे इच्छादर्शक रूप योजतात. मराठी विद्यार्थ्यास ही रीत परकी वाटू नये. पोर्तुगीजमध्येही ‘फाला’ सलगीचे आणि ‘फाले’ आदराचे. १९६१ पूर्वी गोव्यात ती भाषा शिकलेले वडीलधारे घरी असतील, तर त्यांस विचारून पाहावे.

स्पेनमध्ये मित्रमंडळीस एकत्र सांगताना ‘र’च्या जागी ‘द’ येतो : आब्लाद, कोमेद, एस्क्रिबीद. लॅटिन अमेरिकेत हा भेद नाही. तेथे मुलांनाही ‘आब्लेन’च म्हणतात.

‘आब्रीर’ म्हणजे उघडणे, ‘ला पुएर्ता’ म्हणजे दार. मैत्रिणीस ‘आब्रे ला पुएर्ता’ म्हणावे, अपरिचित गृहस्थास ‘आब्रा ला पुएर्ता’. आता ‘कांतार’ म्हणजे गाणे. धाकट्या बहिणीस आणि पाहुण्या गायिकेस गावयास कसे सांगाल, ते वाचकांनीच लिहून पाहावे.