लातूर-नांदेडमध्ये भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेताय? इसाराआधी हा हिशेब करा

लातूरचा ट्यूशन एरिया असो की नांदेडचे भाग्यनगर-श्यामनगर, एजंट पहिल्याच भेटीत सांगतो, "हप्ता भाड्यातूनच निघेल." कर्ज मोठे असेल तर तो निघत नाही. इसार देण्याआधी आकडे कागदावर मांडा.

समजा, ३० लाखांचा तयार फ्लॅट आहे. बँकेने ८० टक्के दिले तर कर्ज २४ लाख, तुमचे ६ लाख. वर महापालिका हद्दीत ६ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. हे दोन्ही खर्च कर्जात धरत नाहीत. म्हणजे स्वतःचे ८ लाख १० हजार हवेत. एजंट आणि वकील वेगळे. घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. इथे सरळ ३० हजार वाचतात. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दराची, किंमत करारापेक्षा जास्त असेल तर शुल्क तिच्यावर लागते. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटीही धरा: परवडणाऱ्या घरांना १ टक्का, एरवी ५.

बँकेत प्रक्रिया शुल्क, वकिलाची आणि मूल्यांकनाची फी, गहाणखताचे मुद्रांक शुल्क यांची लेखी यादी मागा. विम्याकडे नीट लक्ष द्या. त्याचा एकरकमी हप्ता अनेकदा गुपचूप कर्जात मिळवला जातो आणि त्यावर तुम्ही २० वर्षे व्याज भरता. बँक सांगेल त्याच कंपनीचा विमा घेण्याची सक्ती नाही. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले तर दंडही लागत नाही.

आता भाडे. साडेआठ टक्के दराने २४ लाखांचा २० वर्षांचा हप्ता सुमारे २०,८३० रुपये. भाडे ९,००० धरू. विद्यार्थ्यांवर चालणाऱ्या भागात वर्ष बारा महिन्यांचे धरू नका. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की खोल्या रिकाम्या होतात, नवी बॅच येईपर्यंत कुलूप. म्हणून दहा महिन्यांचे ९० हजार. त्यातून मालमत्ता कर, देखभाल, रंगरंगोटी आणि नळ-गिझरची दुरुस्ती असे २० हजार वजा करा. उरले ७० हजार. वर्षाचे हप्ते अडीच लाख. म्हणजे दरमहा १५ हजार तुमच्या पगारातून जाणार. एकूण ३२ लाखांच्या खर्चावर हे उत्पन्न सव्वादोन टक्केही नाही. ९,००० च्या जागी त्याच गल्लीतले खरे भाडे टाका. ते एजंटला नको, शेजारच्या तीन-चार भाडेकरूंना विचारा.

किमती वाढतील, या भरवशावर ही तूट सोसायची तर निदान दोन वर्षांची तूट बाजूला ठेवूनच पुढे जा.

प्राप्तिकरात भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, कर्जाचे व्याजही वजा होते. पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वळता करता येत नाही. करबचतीच्या नावाने कोणी फ्लॅट गळ्यात मारत असेल तर हे आधी विचारा.

पाणी हा इथला मोठा छुपा खर्च. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. इमारतीला नळ किती दिवसांआड येतो, बोअर एप्रिल-मेमध्ये टिकतो का, टँकरचे पैसे मालक देतो की भाडेकरू, हे विचारा. नांदेडमध्ये गोदावरीजवळ घेत असाल तर महापालिकेच्या नगररचना विभागात निळी आणि लाल पूररेषा पाहा.

कागद: सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, नवीन प्रकल्प असेल तर महारेरा क्रमांक. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. मराठवाड्यात गुंठेवारी, इनाम आणि वक्फच्या जमिनींचे वाद जुने आहेत. जमीन वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर ती परवानगी हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. "थोडे रोखीत द्या" म्हणणाऱ्याला नकार द्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणे कायद्याने बंद आहे, आणि त्या पैशाचा तुमच्याकडे पुरावाही राहत नाही.

नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था असेल तर हस्तांतरणाचे अधिमूल्य महापालिका हद्दीत २५ हजारांहून जास्त मागता येत नाही. भाड्याने दिल्याबद्दलचे बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच.

भाडेकरू आला की लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा. तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ९,००० भाडे, २५ हजार अनामत, ११ महिने असे असेल तर ३०० रुपयांच्या आत. नोंदणी फी १,००० रुपये. करार ऑनलाइन घरबसल्या होतो. एजंट दोन-तीन हजार वर मागत असेल तर आधी पावतीचे आकडे विचारा. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. अकरावी-बारावीचा विद्यार्थी १८ वर्षांखालचा असतो, तेव्हा करार त्याच्या नावाने नको. तो आई किंवा वडिलांच्या नावाने करा आणि आधार, पत्ता, फोन त्यांचाच घ्या.