दुसरा टप्पा ही सवलत आहे का?

प्रश्न : पॅरिस पॅरालिम्पिकमधल्या व्हीलचेअर टेनिसच्या अंतिम सामन्याचा व्हिडिओ मुलीने दाखवला. जिंकल्यावर जपानचा तो पोरसवदा खेळाडू खुर्चीचं चाक काढून चक्क जमिनीवर आडवा झाला. त्याने तसं का केलं असेल? या खेळात चेंडूचे दोन टप्पे चालतात म्हणे. मग हा खेळ नेहमीच्या टेनिसपेक्षा सोपा आहे का? हातात रॅकेट असताना चाकं फिरवतात कशी? आमच्या शेजारचा बारा वर्षांचा मुलगा व्हीलचेअर वापरतो. त्याला हा खेळ जमेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही पाहिलात तो तोकितो ओदा. ७ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या फिलिप शात्रिए कोर्टवर त्याने ब्रिटनच्या अल्फी ह्युइटला ६-२, ४-६, ७-५ असं हरवलं, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. तिसऱ्या सेटमध्ये ह्युइट ५-३ असा पुढे होता आणि सुवर्णपदकासाठी त्याला एकच गुण हवा होता. ओदाने तो मॅच पॉइंट वाचवला आणि तिथून ओळीने चार गेम घेतले.

आधी चाकाबद्दल. फ्रेंच ओपनच्या त्या लाल मातीवर जिंकलेले खेळाडू पाठीवर झोकून देतात, हे आपण वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. व्हीलचेअरवरच्या खेळाडूला ते सहजासहजी करता येत नाही, कारण त्याची खुर्ची कलंडू नये अशीच बनवलेली असते. मोठी चाकं वर आत झुकलेली आणि खाली बाहेर फाकलेली असतात. हा तिरपेपणा २० अंशांच्या आसपासही असतो. खुर्ची मागे उलटू नये म्हणून पाठीमागे एक छोटं चाक असतं, पुढे छोटी फिरती चाकं असतात आणि खेळाडू पट्ट्यांनी खुर्चीला घट्ट बांधलेला असतो. ओदाने एक चाक काढलं, खुर्ची कलंडली आणि तो मातीवर पाठ टेकून पडला. त्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे. मला त्यात दिसला तो कुठल्याही टेनिसपटूचा हक्काचा आनंद.

आता दोन टप्प्यांकडे वळू. नियम असा, की चेंडूचा तिसरा टप्पा पडण्याआधी तो परतवायचा. पहिला टप्पा कोर्टाच्या आत हवा, दुसरा बाहेर पडला तरी चालतो. बाकी सगळं नेहमीचंच : २३.७७ मीटर लांबीचं कोर्ट, मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंचीचं नेट, तीच रॅकेट, तोच चेंडू. उलट काही अटी जास्तीच्या आहेत. खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग मानला जातो, त्यामुळे चालू खेळात चेंडू चाकाला लागला तरी गुण जातो. फटका मारताना बैठक सोडून उठता येत नाही. पाय जमिनीला लावून खुर्ची थांबवता किंवा वळवता येत नाही. सर्व्हिस करण्याआधी खुर्ची स्थिर हवी आणि त्यानंतर चाकाला एकदाच रेटा देता येतो.

दुसरा टप्पा सवलत वाटतो, पण तो फुकट मिळत नाही. पहिल्या टप्प्यानंतर चेंडूचा जोर कमी होतो, उंची घटते आणि तो मागे मागे जात राहतो. त्याची वाट पाहणारा खेळाडू बेसलाइनच्या बराच मागे ढकलला जातो. तिथून मारलेला फटका पलीकडे पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी सावरून बसतो. म्हणून प्रत्येक चेंडूला खेळाडूपुढे एक निवड असते : थांबून वेळ घ्यायचा, की पुढे घुसून समोरच्याचा वेळ हिरावून घ्यायचा? डावखुरा ओदा दुसरा मार्ग धरतो. तो बेसलाइनला चिकटून राहतो आणि शक्य तितके चेंडू पहिल्याच टप्प्यावर, वर येतानाच ठोकतो. नियमाने दिलेला वेळ नाकारणं हे त्याचं मोठं अस्त्र आहे. पुढचा व्हिडिओ पाहाल तेव्हा फटका कितव्या टप्प्यावर मारला जातोय तेवढं बघा. सामन्याचा रंग लगेच कळेल.

चाकं फिरवण्याचं कसब तर याहून अवघड. मोठ्या चाकाला बाहेरून एक कडं जोडलेलं असतं, त्याला रेटा देऊन खुर्ची पळवतात. एक हात मोकळा असतो. दुसऱ्या हातात रॅकेट तशीच धरून, तिची मूठ आणि तळवा कड्यावर दाबून ढकलायचं असतं. फटका मारला की तो हात क्षणात पुन्हा कड्यावर.

त्यात खरी अडचण वेगळीच आहे. उभा खेळाडू दोन पावलं बाजूला सरकतो. खुर्चीला, सायकलसारखंच, आडवं सरकता येत नाही. बाजूला जायचं तर आधी वळायला हवं. थांबलेली खुर्ची पुन्हा पळवायला जोर आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून चांगला खेळाडू जवळजवळ कधीच पुरता थांबत नाही. फटका मारला की तो वळसा घेत कोर्टाच्या मध्याकडे परततो. अशा वळणात कधी कधी त्याची पाठही नेटकडे होते. चेंडू पुढे कुठे येईल याचा अंदाज बांधूनच त्याला वळणाची दिशा ठरवावी लागते. दिशा चुकली तर दोन टप्पेही पुरत नाहीत. पृष्ठभागाचा प्रश्न आणखी निराळा. मातीत चाकं ओढ खातात आणि हिरवळीवर खुर्ची रेटणं तर फारच जड जातं. विम्बल्डनमध्ये व्हीलचेअर एकेरी सुरू व्हायला २०१६ साल उजाडलं.

या खेळाची सुरुवातही एका तरुणापासूनच झाली. १९७६ मध्ये अमेरिकेत ब्रॅड पार्क्स हा १८ वर्षांचा मुलगा बर्फावरच्या स्कीइंगमध्ये जायबंदी झाला. त्याने जेफ मिनेब्रेकर या व्हीलचेअरवरच्याच खेळाडूच्या साथीने हे टेनिस खेळून पाहिलं आणि पुढे त्याचा प्रसार केला. १९९२ च्या बार्सिलोना पॅरालिम्पिकपासून त्यासाठी पदकं दिली जाऊ लागली.

ओदाची वाट आजारपणातून निघाली. जपानच्या आइची प्रांतातला हा मुलगा फुटबॉल खेळायचा. नवव्या वर्षी त्याच्या डाव्या पायाला हाडाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. शस्त्रक्रिया झाली आणि फुटबॉल सुटला. उपचारांच्या त्या काळात त्याने २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमधला जपानच्याच व्हीलचेअर टेनिसपटू शिंगो कुनिएदाचा खेळ व्हिडिओवर पाहिला आणि दहाव्या वर्षी रॅकेट हातात घेतली. कुनिएदालाही नवव्या वर्षीच मणक्यातल्या गाठीमुळे व्हीलचेअर वापरावी लागली होती. २०२२ मध्ये टोकियोत जपान ओपनच्या अंतिम सामन्यात हे दोघे समोरासमोर आले. कुनिएदा जिंकला, पण १६ वर्षांच्या ओदाने त्याला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत झुंजवलं. जानेवारी २०२३ मध्ये कुनिएदा निवृत्त झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये, १७ वर्षं ३३ दिवसांच्या वयात, ओदा फ्रेंच ओपन जिंकून जागतिक क्रमवारीत पहिला आला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने अमेरिकन ओपन जिंकली. चारही ग्रँड स्लॅम आणि पॅरालिम्पिक सुवर्ण, सारं त्याच्या नावावर जमा झालं, तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

एका मुलाने एका खेळाडूला खेळताना पाहिलं, यातून एवढं घडलं. म्हणूनच तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. शेजारच्या मुलाला हा खेळ जमेल का? त्याच्या डॉक्टरांची संमती असेल तर जरूर सुरुवात करावी. पाय पूर्ण निकामी असायलाच हवेत, असं मुळीच नाही. चालण्या-पळण्यावर कायमची मर्यादा आणणारं शारीरिक अपंगत्व असेल, तर स्पर्धेचं दार उघडू शकतं. हातांतही दुर्बलता असणाऱ्यांसाठी ‘क्वाड’ नावाचा वेगळा गट आहे. खेळाची खास खुर्ची महाग असते हे खरं, पण रॅकेटची आणि चेंडूची ओळख व्हायला ती पहिल्या दिवसापासून लागत नाही.

शिवाय एक नियम आपल्या गावांसाठी फार मोलाचा आहे. व्हीलचेअरवरचा आणि उभा खेळाडू एकत्र खेळू शकतात. खुर्चीवरच्याला दोन टप्पे, उभ्याला एक. म्हणजे त्या मुलाला जोडीला व्हीलचेअरवरचाच सवंगडी मिळेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. तुमची मुलगीही त्याच्याशी खेळू शकते.

अडणार असेल तर ते आपल्या क्लबांच्या दाराशी. कोर्टाच्या फाटकाला पायरी असते, दार अरुंद असतं, स्वच्छतागृहात खुर्ची शिरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळासाठी स्वतंत्र कलम आहे. मैदानं आणि सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करणं ही त्याने शासनावर आणि क्रीडा संस्थांवर टाकलेली जबाबदारी आहे. तेव्हा जवळच्या टेनिस क्लबात तुम्ही स्वतः जा, मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना सोबत न्या आणि आठवड्यातला एक तास मागा. नवं कोर्ट बांधायला नको, नेट खाली करायला नको. उतरती फळी टाकून फाटक उघडलं तरी पहिल्या दिवसापुरतं पुरे आहे.