पोटाचे डॉक्टर

[पोटाच्या विकारांचे तज्ज्ञ किती वर्षे शिकतात, ते रुग्णाला कसे तपासतात आणि त्यांना रुग्णाच्या शब्दांची गरज का असते, हे या पाठात सांगितले आहे.]



आपण खाल्लेला घास अन्ननलिकेतून जठरात जातो. तेथून तो लहान आतड्यात आणि मग मोठ्या आतड्यात जातो. तुम्ही घरी ज्याला 'मेदा' म्हणता, त्यालाच मराठीत 'जठर' म्हणतात. 'जिगर' म्हणजे यकृत आणि 'आँत' म्हणजे आतडे. अन्न पचवण्याच्या कामात पित्ताशय आणि स्वादुपिंडही मदत करतात. या सर्व अवयवांच्या विकारांचा विशेष अभ्यास केलेल्या डॉक्टरांना 'गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट' म्हणतात. लोकांनी मात्र त्यांना सोपे नाव दिले आहे : पोटाचे डॉक्टर.

असे डॉक्टर होण्यासाठी किती वर्षे लागतात? उमरखेडच्या एखाद्या मुलीने बारावी विज्ञान झाल्यावर प्रवेशपरीक्षा दिली आणि तिला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, असे समजा. हे महाविद्यालय 1989 साली सुरू झाले. त्याला आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक यांचे नाव दिलेले आहे. तेथे ती साडेचार वर्षे एम.बी.बी.एस.चा अभ्यास करील. नंतर एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम करील. पुढे तीन वर्षे एम.डी. आणि त्यानंतर पोटाच्या विकारांसाठी आणखी तीन वर्षे डी.एम. असा हा क्रम आहे. म्हणजे बारावीनंतर किमान साडेअकरा वर्षे! शिवाय प्रत्येक टप्प्यावर प्रवेशपरीक्षा असते, ती वेगळीच.

हैदराबादचे डॉ. नागेश्वर रेड्डी यांचे उदाहरण पाहा. त्यांचा जन्म 1956 साली झाला. त्यांनी एम.बी.बी.एस. कर्नूलला, एम.डी. मद्रासला आणि डी.एम. चंदीगडला केले. शिक्षणासाठी ते दक्षिणेतून उत्तरेपर्यंत गेले. पोटाच्या विकारांवरील त्यांच्या कार्याबद्दल भारत सरकारने त्यांना 2025 साली पद्मविभूषण हा किताब दिला.

आता हे डॉक्टर रुग्णाला कसे तपासतात ते पाहू. शेजारचे एक चाचा डॉक्टरांकडे गेले आहेत, अशी कल्पना करा. ते म्हणतात, "पोट दुखते." डॉक्टर लगेच औषध लिहून देत नाहीत. ते विचारतात, "नेमके कोठे दुखते? बोट ठेवून दाखवा. जेवणाआधी दुखते की जेवणानंतर? रात्री झोपेतून जाग येते का? वजन कमी झाले आहे का?" मग ते हळू आवाजात विचारतात, "शौचाचा रंग कसा असतो?" चाचा लाजतात. डॉक्टर घाई करीत नाहीत. थोड्या वेळाने चाचा सांगतात, "डांबरासारखा काळा." डॉक्टर पुन्हा विचारतात, "दुसरे काही औषध घेता का?" तेव्हा कळते, की शेतातल्या कामाने कंबर दुखते म्हणून चाचा कित्येक महिन्यांपासून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात आहेत, त्याही उपाशीपोटी!

आता डॉक्टरांना दिशा मिळाली. अशा गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो. व्रणातून रक्त वाहू लागले, तर शौच काळे होते. म्हणून ते दुर्बिणीने जठर तपासतात. या तपासणीत एक बारीक, लवचिक नळी तोंडातून जठरात सोडतात. तिच्या टोकाशी दिवा आणि कॅमेरा असतो. आतले चित्र पडद्यावर दिसते. नळीतून बारीक चिमटा घालून तपासणीसाठी तुकडाही काढता येतो. कित्येकदा वाहणारे रक्तही तेथेच थांबवता येते. सुरुवातीच्या लवचिक दुर्बिणीत कॅमेरा नव्हता. काचेच्या केसासारख्या तंतूंमधून चित्र डोळ्यापर्यंत येत असे. या तंतूंच्या विद्येत पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे संशोधन 1954 साली प्रसिद्ध झाले.

व्रणाचे आणखीही एक कारण आहे. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिले, की बहुतेक व्रण एका जंतूमुळे होतात. केवळ काळजीने किंवा तिखटाने व्रण होतो, ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली. या शोधासाठी त्यांना 2005 साली नोबेल पारितोषिक मिळाले. जंतूमुळे झालेला व्रण योग्य औषधे पूर्ण दिवस घेतल्यास बरा होतो. म्हणून "बरे वाटले" असे म्हणून औषध मध्येच सोडू नये.

मित्रांनो, दुर्बीण आतले दाखवते. पण ती कोणाला आणि केव्हा घालायची, हे रुग्णाच्या बोलण्यावरून ठरते. येथे तुमचे काम सुरू होते. आपल्या भागात मराठी, उर्दू, गोरमाटी अशा अनेक भाषा बोलल्या जातात. तुमच्या दादीला मराठी येत नसेल आणि डॉक्टरांना तिची बोली कळत नसेल, तर मधे बोलणार कोण? तुम्हीच! दादी म्हणते, "सीने में जलन है." तुम्ही घाईत "पोट दुखते" असे सांगितले, तर डॉक्टरांची वाट चुकेल. 'छातीत जळजळ होते' असेच सांगा. ही जळजळ पित्ताची असेल, कधी हृदयविकाराचीही असेल. जळजळ, कळ, मळमळ, पोट फुगणे हे सर्व वेगवेगळे आहे. दादीने लाजून जे सांगितले, तेही गाळू नका. ती रोजे ठेवत असेल, तर तेही सांगा. म्हणजे औषधांच्या वेळा कशा ठेवायच्या, किंवा रोजा ठेवणे धोक्याचे आहे का, हे डॉक्टर सांगू शकतील.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. काळे शौच, रक्ताची उलटी, डोळे पिवळे होणे, घास अडकणे किंवा कारण नसताना वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. सरकारी दवाखाना गाठा. ज्या डॉक्टरांनी अकरा-बारा वर्षे विद्या शिकली, त्यांच्यासमोर खरे आणि स्पष्ट बोला. एवढी मदत प्रत्येकाला करता येते.

शब्दार्थ
जठर – मेदा
यकृत – जिगर
व्रण – जखम, फोड
वेदनाशामक – दुखणे कमी करणारे
मळमळ – मतली

स्वाध्याय
1. बारावीनंतर पोटाचे डॉक्टर होण्यास किती वर्षे लागतात? टप्पे क्रमाने लिहा.
2. चाचांच्या आजाराचे कारण डॉक्टरांना कसे कळले?
3. 'जळजळ' आणि 'कळ' हे शब्द वापरून एकेक वाक्य लिहा.
4. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पोटाच्या तक्रारींचे पाच उर्दू शब्द लिहा व त्यांचे मराठी अर्थ शोधा.