कॉम्फ्री लावतेयस ना? आधी जागा ठरव

मने, इंग्लंडात घर घेतलंस, मागे बाग मिळाली आणि पहिल्यांदा कॉम्फ्री लावायचं मनात आणलंस, याचा मला फार आनंद झालाय. पण रोप आणायच्या आधी जागा पक्की कर गं. कॉम्फ्री एकदा रुजली की मग ती जागा तिचीच. मुळं खूप खोल जातात आणि खणताना बोटभर तुकडा जरी मातीत राहिला, तरी त्याला पुन्हा कोंब येतो. म्हणून टोमॅटोच्या वाफ्यात मुळीच नको.

माझं ऐकशील तर कुंपणाच्या कडेला, कंपोस्टच्या ढिगाशेजारी लाव. अर्धी सावली तिला चालते, ओल आवडते, चिकणमातीही चालते. पानं कापली की चार पावलांवर ढीग! लांब कोपऱ्यात लावलीस तर कापणी आज करू, उद्या करू म्हणत राहूनच जाते.

जात मात्र विचारून घे. इथे ओढ्याकाठी उगवणारी रानटी कॉम्फ्री बी टाकते आणि शेजाऱ्यांच्या बागेतही पोचते. तुला हवी ‘बॉकिंग १४’. लॉरेन्स हिल्स यांनी १९५०च्या दशकात एसेक्समधल्या बॉकिंगला अनेक वाण लावून पाहिले, त्यातून हा निवडला. तिला रुजणारं बी धरत नाही, म्हणून मुळाचे तुकडेच विकत घ्यावे लागतात. बियांचं पाकीट कोणी ‘बॉकिंग १४’ म्हणून दिलं तर घेऊ नकोस.

तण नीट काढून, एप्रिलच्या सुमारास तुकडे दोन इंच खोल लाव. दोन रोपांत दोन-तीन फूट अंतर सोड. पहिल्या वर्षी फुलांचे दांडे तेवढे खुड, पानं राहू दे, मुळं जोर धरतात. पुढच्या वर्षापासून हातमोजे घालून बुडापासून दोन इंच वर काप, कारण पानांची लव हाताला टोचते. सप्टेंबरनंतर कापू नकोस. पानांत पोटॅश भरपूर, टोमॅटोला उत्तम. बादलीत कुजवणार असशील तर झाकण घट्ट लाव आणि बादली दारापासून लांब ठेव, वास असह्य येतो.

आणि एक. उन्हाळ्यात आई येईल, ती हिरवीगार पानं बघून भजी करू म्हणेल. करू देऊ नकोस, चहाही नको. त्यात यकृताला इजा करणारी पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स असतात.